घरात शेणाची जमीन, भाचा लेस्टरला: दोघांत गरीब कोण?

वाडीवरचो (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

मी मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या अलीकडे एका वाडीत राहतो. छोटं किराणा दुकान आहे, थोडी कलमं आहेत, आणि दुकानदार असल्यामुळे पै-पैची वही लिहायची खोड आहे. मे महिन्यात बहिणीचा मुलगा लेस्टरहून आला होता. तिथे एम.एस्सी. करतो आणि आठवड्याला वीस तास गोदामात राबतो. शिकण्याच्या व्हिसावर सत्र चालू असताना त्याहून जास्त चालत नाही. रात्री खळ्यात बसलो असताना म्हणाला, "मामा, तिथल्या हिशेबाने मी गरीब आहे." तासाला १२.२१ पौंड मिळतात त्याला. म्हणजे आठवड्याला २४४ पौंड. मी मनातल्या मनात गुणाकार केला, अठ्ठावीस हजारांच्या आसपास आले. आठवड्याला! आई आतून ओरडली, "मगे हंय येवन दुकानार बस!"

ते हसण्यावारी गेलं. पण जूनमध्ये, २०२५ च्या, पेपरात आलं की जागतिक बँकेने गरिबीची रेषा माणशी रोज ३ डॉलर केली आणि तिच्याखाली भारतात ५.३ टक्के लोक उरले. मी वही काढली. डॉलर ८५ ला धरला. तीन डॉलर म्हणजे २५५ रुपये. घरात आम्ही पाच माणसं: आई, आम्ही दोघं, मुलगा, सून. म्हणजे महिन्याला ३८,२५० रुपये खर्च केला तर आम्ही कसेबसे रेषेवर. आमचा खर्च सरासरी साडेसोळा हजार. माणशी रोज ११० रुपये. वाडीतली उधारीची वही माझ्याकडेच असते, त्यावरून सांगतो, ३८ हजार खर्च करणारं घर आमच्याकडे एकही नाही.

मग अख्खी वाडी अतिगरीब धरायची का? तशी असेल तर देशात फक्त ५.३ टक्के कसे? आमच्या माजघरात अजून शेणाने सारवलेली जमीन आहे, कार्ड केशरी आहे (त्या विषयात शिरू नका), पण उपाशी कोणी झोपत नाही. भाचा २४४ पौंड मिळवून गरीब आणि आम्ही ११० रुपयांत सुखी, हे गणित कोणी सोडवून देईल का? राजकारण नको, कृपया.

अंधेरीकर_चाकरमानी

काका, सोपं आहे. सगळे आकडे एसीत बसून केलेले असतात. कोकणात गरिबी नाहीच. दारात माड, परसात फणस, समोर समुद्र. भिकारी दाखवा एक. आम्ही मुंबईत दहा बाय बारात चौघं राहतो ते गरीब.

सर्व्हेवाली

वाडीवरचो, तुमचा गुणाकार बरोबर आहे, भाव चुकला आहे. ८५ हा बँकेतला भाव. गरिबीच्या हिशेबात तो डॉलर चालत नाही.

भाच्याला विचारा, तिथे केस कापायला किती पडतात. बारा-पंधरा पौंडांपेक्षा कमी सांगणार नाही. तुमच्या वाडीतला नाभिक दाढी-केसांचे मिळून शंभर घेत असेल. डोकं तेच, कात्री तीच, वेळही तेवढाच. बँकेच्या भावाने पाहिलं तर तुमच्या नाभिकाने चौदाव्या-पंधराव्या हिश्शाचं काम केलं असं दिसतं, आणि ते खोटं आहे. म्हणून देशोदेशी तीच वस्तू, तीच सेवा काय भावाला मिळते ते गोळा करतात आणि त्यावरून चलनांची खरी खरेदीची ताकद काढतात. १९६८ पासून हे काम चालू आहे, आधी संयुक्त राष्ट्रं आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ मिळून करायचे, आता जागतिक बँक बघते. २०१७ च्या फेरीत भारतासाठी आकडा आला २०.६५. बाजारात डॉलर होता ६५.१२ ला, पण अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते इथे सरासरी २० रुपये ६५ पैशांत मिळतं, असा त्याचा अर्थ.

आताची ३ डॉलरची रेषा २०२१ च्या अशाच भावांवर बांधलेली आहे. म्हणजे तेव्हाचे साधारण ६० रुपये, महागाई धरून आजचे सत्तर-पंच्याहत्तर. तुम्ही ११० वर आहात. बरेच वर आहात असं मात्र समजू नका. २०२३-२४ च्या सरकारी खर्च-पाहणीत देशातल्या खेड्यांचा सरासरी खर्च माणशी महिना ४,१२२ रुपये निघाला, म्हणजे रोज १३७. त्या सरासरीपेक्षा तुम्ही खाली.

आता माझा विषय. मी कंत्राटावर दोन वर्षं घरोघरी खर्चाचा सर्व्हे केला आहे, देवगड आणि मालवण दोन्ही तालुक्यांत. पेपरातला टक्का हा शेवटी कोणाच्या तरी पडवीत बसून विचारलेल्या प्रश्नांचा असतो, त्यामुळे मला तो पडवीपासूनच दिसतो.

पहिला प्रश्न तांदळाचा. किती किलो? बाई म्हणणार, "दोन पायली." पायलीचे किलो मी करायचे. दुसरा मासळीचा. टॅबलेटला किलो आणि रुपये हवेत, आणि आपल्याकडे मासळी वाट्यावर. "पन्नासाचो वाटो घेतलंय." वाट्यात बांगडे किती? "पाच." केवढे? मग ती हाताच्या पंजावर अंगठा टेकवून दाखवते, इतके. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला गेलेल्या माणसाला मासे वाट्याने मिळतात, त्याचे पैसे कोणी दिलेले नसतात. ते बाजारभावाने धरायचे. आणि नारळ! "महिन्याला किती नारळ लागतात?" तर उत्तर येतं, "घरचो नारळ तो, तेचे कसले पैशे?" पाच माणसांच्या घरात रोज दीड नारळ फुटतो आणि बाईच्या हिशेबात नारळाचा खर्च शून्य. मी तिथेच बसून मोजायची. घरच्या भाताचं तेच, कुळथाचं तेच, जळणाचं तेच. वाडीवरचो, तुमच्या साडेसोळा हजारांत घरचा तांदूळ आणि नारळ आहेत का? नसणार. अजून एक विचारते, राग मानू नका: मासळी तुमच्या वहीत कुठे आहे?

दुसरी गंमत मुदतीची. "गेल्या ३० दिवसांत मासळीवर किती?" असं विचारलं की माणूस डोळे वर करून एक गोल आकडा सांगतो. "गेल्या ७ दिवसांत?" विचारलं की वार आठवतात: सोमवारी नाही, मंगळवारी पेडवे, बुधवारी सुरमई कारण जावई आला होता. आकडा मोठा येतो. आपल्याकडे पूर्वीचा जागतिक तुलनेतला हिशेब सगळ्याच गोष्टींना ३० दिवस धरून होता. २०२२-२३ पासून मासे, भाजी, तेल यांना ७ दिवस, धान्याला ३०, कपडे आणि इस्पितळाला ३६५ असा धरतात. शिवाय एकाच घरी तीन महिन्यांत तीन फेऱ्या, कारण एका बैठकीत एवढे प्रश्न विचारले की बाई भाजी जळली म्हणून उठते ती परत येत नाही.

याचा परिणाम केवढा असतो? जुन्या २.१५ डॉलरच्या रेषेने भारताची अतिगरिबी २०११-१२ मध्ये १६.२ टक्के आणि २०२२-२३ मध्ये २.३ टक्के दिली आहे. लोकांची स्थिती सुधारली यात मला शंका नाही, मी घरं पाहिली आहेत. पण दोन टोकांना प्रश्न विचारायची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे सगळी उतरण सुधारणेची नव्हे. किती सुधारणेची आणि किती प्रश्नाची, यावर जाणकार भांडत आहेत आणि त्यांना भांडू द्यावं.

रेषाही हलते. १९९० साली ती रोज १ डॉलर होती. सगळ्यात गरीब देश स्वतःच्या देशात कोणाला गरीब म्हणतात ते पाहून काढलेली. मग १.२५, १.९०, २.१५, आणि आता ३. २००८ मध्ये नवे भाव आले तेव्हा जगातल्या गरिबांचा आकडा एकदम वाढून १४० कोटी झाला. त्या भावांत चीन पहिल्यांदाच होता, आणि त्याचे भाव ११ शहरांत गोळा केलेले. शेतकऱ्याची गरिबी शहरातल्या भावाने मोजली की काय होणार ते तुम्ही दुकानदार आहात, तुम्हाला कळेल. रात्रीत कोणाच्या घरची पेज पातळ झाली नव्हती.

अंधेरीकर, तुमच्यासाठी वेगळं लिहिते. कोकणात भिकारी दिसत नाही कारण कोकणातला गरीब दार लावून घेतो. देवगड तालुक्यात एका घरी गेले होते. ७८ वर्षांची आजी, एकटी. मागे चाळीस माड. मी म्हटलं, आजी, चांगलं उत्पन्न असेल. ती म्हणाली, पाडायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर माडामागे मागतो ते परवडत नाही. पडेल तो नारळ माझा. सातबाऱ्यावर २७ नावं, त्यातली अर्धी माणसं तुमच्या अंधेरी-विरारला. विकता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. मुलगा पैसे पाठवतो तेव्हा ती रेषेच्या वर, विसरतो त्या महिन्यात खाली. ती मे महिन्यात भेटली असती तर आंबे-फणसांसकट वेगळा आकडा भरला असता. मी गेले जुलैमध्ये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, सुकं संपत आलेलं, आणि ती पेजेबरोबर आमसुलाचं पाणी पीत होती.

अंधेरीकर_चाकरमानी

ठीक आहे. बोललो ते मागे घेतो, पण अर्धंच. २७ नावांत आमचंही असेल कुठेतरी.

दाभोळखाडी

मी १९ वर्षं कुवेतला होतो, आता दापोलीत. एक मुद्दा कोणी मांडला नाही. आम्ही एका खोलीत आठ जण, आळीपाळीने झोपायचो. पगारातले जेमतेम चौथ्या हिश्शावर तिथे जगायचो, बाकी घरी. घरचा खर्च चांगला दिसायचा, सर्व्हेवाल्या ताई आल्या असत्या तर आमचं घर झकास भरलं असतं. पण मी कुठे होतो? तुमच्या हिशेबात घर म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. मी त्या चुलीवर नव्हतो. आणि तिकडच्या लेबर कॅम्पात कोण खर्च विचारायला येतो? म्हणजे माझा पैसा इथे मोजला, माझे हाल कुठेच नाहीत. दोन देशांच्या तुलनेत मधला माणूस गळतो, एवढंच म्हणणं आहे. आमच्या पट्ट्यात घराआड एक असा आहे.

निवृत्त_मास्तर_चिपळूण

सर्व्हेवाली बाईंनी उत्तम लिहिलं आहे. भाच्याचं राहिलं ते मी घेतो.

गरीब या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि भांडण तिथे आहे. एक, पोट भरतं का. दुसरा, चार लोकांत मान खाली न घालता वावरता येतं का. इंग्लंडात आणि युरोपात दुसरा धरतात: देशातल्या सगळ्या घरांची उत्पन्नं ओळीने लावायची, बरोब्बर मधलं घ्यायचं, त्याच्या ६० टक्क्यांखाली असेल तो तिथला गरीब. त्यामुळे मधला वर सरकला की रेषाही वर सरकते. भाचा उपाशी नाही, तो त्या ओळीत मागे आहे. अडीचशे वर्षांपूर्वी अॅडम स्मिथ म्हणाला होता की इंग्लंडातल्या मजुरालासुद्धा चामड्याचे जोडे नसतील तर बाहेर पडायला लाज वाटते. आपल्याकडे कर्ज काढून गणपती आणणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको.

अमेरिकेची तऱ्हा तिसरी. तिथे मॉली ओरशान्स्की नावाच्या बाईंनी १९६० च्या दशकात काटकसरीच्या जेवणाचा खर्च काढून त्याची तिप्पट केली, कारण तेव्हा कुटुंबं साधारण तिसरा हिस्सा अन्नावर घालवत. आजही पाया तोच, फक्त महागाई धरत आले. २०२४ ची तिथली एकट्या माणसाची मर्यादा वर्षाला १५,०६० डॉलर होती. रोजचे ४१. एकीकडे ३, दुसरीकडे ४१. दोघांनाही गरीब म्हणायचं आणि मग टक्के शेजारी-शेजारी छापायचे, हा पेपरवाल्यांचा आवडता उद्योग.

आपला मान कमी समजू नका. दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात कैद्यांच्या जेवणाखाण्याचा खर्च काढून दाखवलं होतं की साध्या माणसाच्या वाट्याला तेवढंही येत नाही. आणि पुण्याच्या गोखले संस्थेतल्या दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली २,२५० कॅलरींचा हिशेब धरून १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ आणि शहरात साडेबावीस रुपये ही रेषा काढली. मी तेव्हा कॉलेजात होतो. वर्गात एकाने उठून विचारलं होतं, सर, यात कपडे धुवायचा साबण आहे का? पुढे तेंडुलकर समितीची रेषा २०११-१२ च्या भावाने खेड्यात ८१६ आणि शहरात १,००० झाली, गरीब २१.९ टक्के. रंगराजन समितीने त्याच वर्षासाठी ९७२ आणि १,४०७ धरले, गरीब २९.५ टक्के. त्याच देशात, त्याच वर्षी. परदेशाशी तुलना नंतर करू!

जाता जाता: केशरी कार्डाची मर्यादा वर्षाला १ लाख उत्पन्नाची. तुमची वही १ लाख ९८ हजार खर्च दाखवते. वही कोणाला दाखवू नका.

वाडीवरचो

मास्तर, त्या विषयात शिरू नका म्हटलं होतं ना!

सर्व्हेवाली ताई, एक राहिलं. शेणाची जमीन. भाचा म्हणतो, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत शेणाची जमीन म्हणजे गरिबीची खूण. आमची आई दर शनिवारी सारवते, उन्हाळ्यात तिथे झोपलं की पंखा लागत नाही. शहरातले लोक तसल्या खोलीला दिवसाला चार हजार देऊन राहायला येतात तारकर्लीत.

सर्व्हेवाली

खरं आहे, यादीत ती खूण आहे. पण एका खुणेने कोणी गरीब ठरत नाही. २०१० पासूनची ती 'बहुआयामी गरिबी' मोजायची पद्धत आहे, पैसे विचारतच नाही. दहा गोष्टी बघते. एकूण १८ गुण समजा. पोषण, बालमृत्यू, कोणाचंच सहा वर्षं शिक्षण नसणं, शाळेच्या वयाचं मूल शाळेत नसणं, या चारांना प्रत्येकी ३. जळण, संडास, पाणी, वीज, घर, वस्तू या सहांना प्रत्येकी १. सहा गुण उणे पडले की गरीब. तुमचा शेणाच्या जमिनीचा एक. स्वयंपाक चुलीवर असेल तर दोन. संपलं. आईंना सांगा, खुशाल सारवा.

पण माझी देवगडची आजी घ्या. शाळा पाहिलेली नाही, ३. चूल, ४. जमीन, ५. घरात फोन आहे पण टीव्ही, फ्रिज, सायकल, रेडिओ काही नाही; त्या यादीतल्या एकापेक्षा जास्त वस्तू लागतात, म्हणून ६. गरीब. मुलाने गणपतीला येताना टीव्ही आणला की ५, गरिबीतून बाहेर. चाळीस माड दोन्ही वेळा हिशेबात नाहीत.

तरीही ही पद्धत मला वाटते तेवढी वेडी नाही. डॉलरच्या रेषेला आजी काय खाते तेवढंच दिसतं. हिला निदान चूल आणि पाटी दिसते. फक्त आपल्या नीती आयोगाने त्यात माता-आरोग्य आणि बँक खातं घालून दहाचे बारा केले आहेत. त्यांचा २०१९-२१ चा १४.९६ टक्के हा आकडा दुसऱ्या देशाच्या दहावाल्या आकड्याशेजारी ठेवायचा नाही. आणि ५.३ शेजारी तर नाहीच. तसंच पेपरवाल्यांनी ५.३ छापलं ते ३ डॉलरचं. त्याच कोष्टकात ४.२० डॉलरची रेषा आहे, आपल्यासारख्या निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठीची. तिच्याखाली २०२२-२३ मध्ये २३.९ टक्के होते. ती बातमी पाहिलीत का?

मासळीचं उत्तर आलं नाही अजून.

वाडीवरचो

देतो. आठवडाभर थांबलो होतो म्हणून उशीर.

मासळी बायको दारात घेते. काजू बी विकून आणि बचत गटातून तिचे जे येतात त्यातून. मी बत्तीस वर्षं वही लिहितोय आणि तिच्यात मासळी कधी आलीच नाही, कारण मी ते पैसे कधी दिलेच नव्हते. जेवताना विचारलं, महिन्याला मासळीला किती जातात? म्हणाली, "असतील दोन हजार." मग तुमच्या पद्धतीने सात दिवस पाटीवर लिहून ठेवलं. शुक्रवारी सौंदाळे, रविवारी सुंगटां, दोनदा बांगडे, एकदा आईसाठी तिसऱ्या. ११४० रुपये झाले. महिन्याचे ४,८०० च्या वर जातात. आता ती म्हणते, हा प्रश्न विचारायची गरज काय होती.

मासळी धरून माणशी रोज १४२ आले. भात आणि नारळ अजून घालायचे आहेत. नारळ रोज दीड, ते मोजून झालं. पण भाव कुठला धरू, बागेत व्यापारी देतो तो की आचऱ्याच्या बाजारातला?

सर्व्हेवाली

बागेतला.